रंगो बापूजी : विलायतेंतील साताऱ्याचे वकील

राजे लोक हेरांच्या डोळ्यांनीं पाहतात आणि दूतांच्या मुखानें बोलतात, असें आपल्याकडील जुन्या राजनीतिकारांनीं सांगून ठेविलें आहे. मराठ्यांच्या राज्यांत हें काम करणाऱ्या पुरुषास वकील म्हणत. हा वकील म्हणजे न्यायकचेरींत उभा राहणारा कायदेपंडित नव्हे. परदरबारीं राहून आपल्या धन्याचें हित पाहणारा तो मुत्सद्दी. दिल्लीच्या बादशाही दरबारीं हिंगणे घराण्यानें आणि निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे यांनीं हें काम वर्षानुवर्षें केलें. बातमी काढावी, ती खरी असेल तेवढीच लिहावी, धन्याचें म्हणणें कमी-अधिक न करितां मांडावें, स्वतःचा अपमान गिळावा, पण धन्याचा मान खालीं पडूं देऊं नये, हा त्या पेशाचा धर्म होता.

परंतु वकिलाच्या शब्दाला जें वजन येतें तें पुष्कळदां त्याच्या पाठीमागें उभ्या असलेल्या सत्तेमुळें येतें. गोविंदराव काळे हैदराबादेस बोलूं लागले म्हणजे ऐकणाराच्या डोळ्यांपुढें पुण्याची फौज उभी राही. आजच्या काळीं परदेशीं जाणाऱ्या राजदूताच्या निवासावर त्याच्या राष्ट्राचा ध्वज फडकत असतो, आणि त्याची सनद राष्ट्राध्यक्षाच्या हातीं समारंभपूर्वक दिली जाते. ज्याच्या पाठीशीं फौज नाहीं, खजिना नाहीं, ज्याचा धनी कैदेंत पडला आहे, आणि ज्या दरबारीं त्यानें दाद मागावयाची तो दरबारच प्रतिपक्षी आहे, अशा वकिलानें करावें तरी काय? या प्रश्नाचें उत्तर रंगो बापूजी गुप्ते यांच्या चरित्रांत सांपडतें.

रंगो बापूजींच्या आधीं हिंदुस्थानांतून विलायतेस वकील गेलेच नव्हते असें नाहीं. १७८१ सालीं राघोबादादांचे वकील हणमंतराव पारशी गृहस्थांना बरोबर घेऊन लंडनास गेले होते. त्यांच्या स्वयंपाकाची आणि सोवळ्याओवळ्याची सोय व्हावी म्हणून एडमंड बर्क या थोर वक्त्यानें आपल्या बागेंतील काचघर त्यांस मोकळें करून दिलें होतें. पुढें दिल्लीचा बादशहा दुसरा अकबर यानें राममोहन रॉय यांना राजा हा किताब देऊन आपल्या तनख्याचा प्रश्न मांडण्यासाठीं इंग्लंडला पाठविलें. ते १८३१ सालीं तेथें पोंचले आणि १८३३ सालीं ब्रिस्टल येथें वारले. या दोघांचा मुक्काम अल्पकाळचा होता. रंगो बापूजी मात्र सुमारें चौदा वर्षें लंडनांत ठाण मांडून बसले. तेवढ्या काळांत त्यांच्या धन्याचें राज्य गेलें, मग धनी गेला, आणि शेवटीं राज्याचें नांवहि नाहींसें झालें. तरी वकील जागचा हलला नाहीं.

हें प्रकरण समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. प्रतापसिंह महाराज १८०८ सालीं साताऱ्याच्या गादीवर आले तेव्हां त्यांचें वय पंधरा वर्षांचें होतें, आणि छत्रपति असूनहि ते पेशव्यांच्या नजरकैदेंत होते. १८१८ च्या फेब्रुवारींत आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हातीं आले. पेशवाई बुडविल्यावर मराठ्यांचें मन शांत राखण्याकरितां माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें त्यांना साताऱ्यास पुन्हां गादीवर बसविलें. २५ सप्टेंबर १८१९ रोजीं तह झाला. उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस वारणा व कृष्णा, पश्चिमेस सह्याद्रि आणि पूर्वेस पंढरपूर-विजापुराकडील मुलूख, एवढें राज्य महाराजांना व त्यांच्या वंशजांना मिळालें. तहांत दोन अटी कडक होत्या. इंग्रजांच्या संमतीवांचून फौज वाढवावयाची नाहीं, आणि परक्या राजांशीं किंवा सरदारांशीं रेसिडेंटाच्या मार्फतीखेरीज पत्रव्यवहार करावयाचा नाहीं. पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच.

१८२२ सालीं राज्यकारभार पूर्णपणें महाराजांच्या हातीं आला. त्यांनीं तो चांगला चालविला. रस्ते बांधले, पाठशाळा काढल्या, शहरास पाणी आणिलें. कारभाराची नेमकी पद्धत आणि महाराजांची स्वतः काम पाहण्याची संवय यांची वाखाणणी इंग्रज अधिकाऱ्यांनींच केली. १८३५ च्या अखेरीस खुद्द कंपनीच्या डायरेक्टरांनीं लंडनाहून प्रशंसापत्र आणि रत्नजडित तलवार महाराजांसाठीं पाठविली. ती तलवार मुंबईपर्यंत आली. महाराजांच्या हातीं कधींच पडली नाहीं. मधल्या काळांत मुंबई सरकारचें मन फिरलें होतें.

मन फिरण्याचें मुख्य कारण जहागिरींचें होतें. अक्कलकोट, फलटण, जत, औंध, भोर इत्यादि जहागिरदार तहानें सातारच्या छत्राखालीं आले होते. एखादा जहागिरदार निपुत्रिक वारला तर जहागीर कोणाकडे जावी, महाराजांकडे कीं कंपनीकडे, हा वाद पडला. महाराज तहाचा कागद पुढें करून हक्क सांगूं लागले आणि विलायतेस दाद मागण्याची भाषा बोलूं लागले. मुंबईच्या अधिकाऱ्यांना ती रुचली नाहीं. दरबारांतहि फूट होती. बाळाजीपंत नातू यांच्यासारखे इंग्रजांचे हस्तक तेथें वावरत होते, आणि महाराजांचे धाकटे बंधु आप्पासाहेब नाराज होते.

१८३६ सालीं पहिला आरोप आला: साताऱ्याच्या छावणींतील २३ व्या पलटणीच्या हिंदी अंमलदारांस महाराजांनीं फितविण्याचा यत्न केला. त्याची चौकशी करण्यास रेसिडेंट लॉडविक, कर्नल ओव्हान्स आणि मुंबई सरकारचा चिटणीस विलोबी यांची समिति बसली. मागाहून आणखी दोन आरोप जोडले गेले. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशीं संधान बांधून युरोपांतून फौज आणण्याचा बेत केला हा एक, आणि जोधपुरास आश्रयास राहिलेले नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशीं पत्रव्यवहार केला हा दुसरा. गोव्याच्या पोर्तुगिजांची त्या काळची शक्ति ज्यास ठाऊक असेल त्याला पहिल्या आरोपाचें हंसूं येईल. परंतु असले आरोप खरे कीं खोटे, हें ठरविण्याचा एकच मार्ग असतो. आरोपीला आरोपाची प्रत द्यावी, साक्षीदार त्याच्यासमोर आणावे आणि त्याचें उत्तर ऐकून घ्यावें. महाराजांच्या बाबतींत नेमकें तेंच झालें नाहीं. चौकशी झाली, पण ज्याची चौकशी त्याला पुराव्याचे कागद मिळाले नाहींत.

१८३९ च्या ऑगस्टांत मुंबईचा नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. त्यानें महाराजांपुढें एक कागद ठेविला. तहभंग केल्याचें कबूल करून सही केली तर गादी राहील, नाहीं तर जाईल. सही सोपी होती. महाराजांनीं ती केली नाहीं. जो अपराध केलाच नाहीं तो कबूल करून राज्य राखण्यापेक्षां राज्य गेलेलें बरें, असें त्यांनीं ठरविलें. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांना वाड्यांतून काढण्यांत आलें आणि आप्पासाहेबांना गादीवर बसविण्यांत आलें. महाराजांनीं प्रतिकार केला नाहीं. सातारा सोडून त्यांची रवानगी काशीस झाली. बरोबर निघालेले बाळासाहेब सेनापति वाटेंतच वारले.

आतां महाराजांजवळ एकच शस्त्र उरलें होतें. तें म्हणजे विलायतेंतील वकील. रंगो बापूजी हे रोहिड खोऱ्यांतील देशपांड्यांच्या घराण्यांतले चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. शिवाजी महाराजांच्या आरंभींच्या साथीदारांपैकीं दादाजी नरसप्रभू हे त्यांचे पूर्वज. लेखणी आणि राजनिष्ठा या दोन्ही गोष्टी त्या घरांत पिढीजात होत्या. समुद्र ओलांडणें हें पाप समजलें जाण्याच्या काळांत, यशवंतराव राजे शिर्के, भगवंतराव विठ्ठल इत्यादि सहकाऱ्यांसह ते या कामगिरीवर निघाले. सहकारी पुढें परतले. रंगो बापूजी राहिले.

लंडनांत त्यांना जो दरबार भेटला तो कोणत्याहि मराठी वकिलानें पूर्वीं पाहिला नव्हता. तेथें सिंहासन नव्हतें, दिवाणखास नव्हता. लेडनहॉल रस्त्यावरील एका इमारतींत कंपनीचे चोवीस डायरेक्टर बसत आणि हिंदुस्थानचा कारभार कागदांवर चालवीत. त्यांच्यावर सरकारचें बोर्ड ऑफ कंट्रोल होतें, व त्याचा अध्यक्ष मंत्रिमंडळांतील गृहस्थ असे. त्या बोर्डाच्या वर पार्लमेंट. आणि या सर्वांच्या बाजूला कंपनीच्या भागीदारांची, म्हणजे प्रोप्रायटरांची सभा. पांचशें पौंडांचा भाग ज्याच्या नांवावर असेल त्याला तेथें बसतां येई. हजार पौंडांचा असेल त्याला मत देतां येई. राज्य, न्याय आणि व्यापारी भागभांडवल या तिन्ही गोष्टी एकाच वहींत बांधलेल्या होत्या.

पहिली अडचण वकिलातीचीच आली. डायरेक्टरांनीं सांगितलें कीं, महाराजांस जें म्हणावयाचें असेल तें मुंबई सरकारच्या मार्फत यावें. येथील वकिलाशीं आमचा संबंध नाहीं. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध तक्रार, त्याच सरकारच्या हातून ती तक्रार पाठवावयाची! परराज्यांत गेलेल्या दूताची सनदच कोणी स्वीकारली नाहीं, तर शहाणा दूतहि परत फिरतो. रंगो बापूजी फिरले नाहींत. समोरचें दार बंद झाल्यावर या विचित्र वाड्याला आणखी किती दारें आहेत, तें त्यांनीं शोधून काढलें.

येथेंच त्यांच्या मुत्सद्देगिरीची खरी कसोटी लागली. निजामाच्या दरबारांतील मराठी वकील प्रथम हें पाही कीं, अमिरांत पक्ष किती आहेत आणि कोण कोणाचा शत्रु आहे. रंगो बापूजींनीं तेंच जुनें शास्त्र नव्या दरबारास लावलें. डायरेक्टर आणि भागीदार यांचें एकमत नव्हतें. डायरेक्टरांतहि सर्व एका विचाराचे नव्हते. पार्लमेंटांत सरकारपक्षाच्या उणिवा शोधणारे सभासद होते. त्या देशांत वर्तमानपत्रें होतीं, छापखाने होते आणि जाहीर सभा भरत. फौज नसलेल्या वकिलाला याच गोष्टी फौजेच्या ठिकाणीं मानाव्या लागल्या.

त्यांनीं जे मित्र जोडले त्यांचीं नांवें पाहिलीं म्हणजे या माणसाची योग्यता कळते. गुलामगिरी नष्ट करण्याच्या चळवळींतील विख्यात वक्ता जॉर्ज थॉम्सन सातारच्या बाजूनें उभा राहिला. पार्लमेंटांत सरकारी खर्चाच्या पै-पैचा हिशेब मागणारा जोसेफ ह्यूम त्यांना मिळाला. उटकमंडची वसाहत ज्यानें स्थापिली तो मद्रासकडील निवृत्त अधिकारी जॉन सलिव्हन, आणि मुंबईंत व्यापार करून गेलेले सर चार्ल्स फोर्ब्स हे भागीदारांच्या सभेंत बोलूं लागले. परंतु यांहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. साताऱ्यास ज्यांनीं रेसिडेंट म्हणून काम केलें होतें ते ब्रिग्स, रॉबर्टसन आणि लॉडविक हे तिघेहि महाराजांच्या बाजूनें बोलले. लॉडविक तर १८३६ च्या चौकशी समितीचाच एक सभासद! न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला गृहस्थ आपल्याच निकालाविरुद्ध उभा राहतो, यापेक्षां मोठी साक्ष आरोपीस कोणती मिळणार?

रंगो बापूजींनीं मागणी कोणती निवडली हेंहि पाहण्यासारखें आहे. राज्य परत द्या, असा टाहो त्यांनीं प्रथम फोडला नाहीं. महाराजांवर दया करा, असेंहि म्हटलें नाहीं. त्यांचें म्हणणें इतकेंच कीं, आमच्या धन्याची सुनावणी करा. आरोप लिहून द्या, पुरावा दाखवा, जबाब घ्या. मग जो न्याय व्हावयाचा तो होऊं द्या. आरोपीचें म्हणणें ऐकल्यावांचून शिक्षा देऊं नये, हें तत्त्व इंग्रज आपल्या घरीं अभिमानानें सांगत असत. रंगो बापूजींनीं त्यांच्याच देव्हाऱ्यांतील देव त्यांच्यापुढें आणून ठेविला. त्यामुळें ज्याला सातारा कोठें आहे हें ठाऊक नाहीं, त्या इंग्रजासहि या प्रकरणांतील मुद्दा समजूं शकला.

चौदा वर्षें त्यांनीं या एकाच मुद्द्यावर लेखणी चालविली. मंत्र्यांना, डायरेक्टरांना, बोर्डाच्या अध्यक्षाला उघडीं पत्रें लिहिलीं आणि तीं छापून वांटलीं. कागदांवर कागद जुळवून पुराव्यांतील विसंगति दाखविली. महाराजांविरुद्धचे कांहीं कागद पैसे मोजून कसे मिळविले गेले, बनावट अर्जाचा कर्ता कृष्णाजी सदाशिव भिडे यानें स्वतः कबुली दिल्यावर ती कबुली कशी झांकली गेली, हीं प्रकरणें त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं चव्हाट्यावर आणिलीं. १८४१ च्या जुलैंत भागीदारांच्या सभेंत सातारा प्रकरणावर कित्येक दिवस वादविवाद चालला. शब्द जिंकले, मतमोजणींत हार झाली. पुढील वर्षांत पुन्हां ठराव आले आणि पुन्हां बहुमत डायरेक्टरांकडे गेलें.

असें कां व्हावें? डायरेक्टर काय आंधळे होते? तसें नव्हतें. एका महाराजाची सुनावणी मान्य केली म्हणजे गव्हर्नराची चूक मान्य केल्यासारखें होणार. एका गव्हर्नराची चूक मान्य केली म्हणजे दूरच्या देशांतील प्रत्येक हुकूम तपासला जाण्याची वाट मोकळी होणार. दहा हजार मैलांवरून राज्य करणारी कंपनी आपल्या नोकरांच्या अब्रूवर उभी होती. ती अब्रू राखण्यासाठीं एका राजाचा बळी ही तिच्या वहींत फार मोठी रक्कम नव्हती. हें प्रकरण न्यायाचें नसून राजकारणाचें आहे, असें उत्तर रंगो बापूजींना मिळे, आणि त्या उत्तराशीं झगडण्यास कोणत्याहि कायद्याचें पुस्तक उपयोगी पडत नव्हतें.

इकडे काशीस महाराज वाट पाहत होते. लंडनाचें पत्र मुंबईस, तेथून काशीस, आणि उत्तर तसेंच परत. एका प्रश्नोत्तराला कित्येक महिने लागत. महाराजांवर नेमलेला इंग्रज अधिकारी मेजर कार्पेंटर यानें त्यांच्याजवळचे कागद वाचले. वाचतां वाचतां त्याची खात्री झाली कीं, हा मनुष्य निर्दोष आहे, आणि तसें त्यानें वरिष्ठांस लिहिलें. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली नाहीं, ठपका मिळाला. १८४७ च्या जुलैंत जोसेफ ह्यूमनें पार्लमेंटांत प्रकरण पुन्हां मांडलें. तेंहि निष्फळ झालें. आणि त्याच वर्षीं, १४ ऑक्टोबर रोजीं, प्रतापसिंह महाराज काशीस वारले. सुनावणी मागतां मागतां आठ वर्षें गेलीं. ती मिळण्यापूर्वींच आरोपी निघून गेला.

रिवाजाप्रमाणें पाहिलें तर वकिलाचें काम येथें संपलें. धन्याबरोबर सनद संपते. परंतु महाराजांनीं दत्तक घेतलेला पुत्र मागें होता, राणीसाहेब होत्या, आणि कलंक तर तसाच होता. रंगो बापूजींनीं लंडन सोडलें नाहीं. मग सहा महिन्यांच्या आंतच दुसरा घाव बसला. ५ एप्रिल १८४८ रोजीं साताऱ्यास गादीवर असलेले आप्पासाहेब ऊर्फ शहाजी महाराज वारले. मरणापूर्वीं त्यांनींहि दत्तक घेतला होता. नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यानें तो दत्तक नामंजूर केला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यानें हें करूं नये असें स्पष्ट लिहिलें, आणि साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रीअर याचें मतहि दत्तकाला अनुकूल होतें. तरी कांहीं चाललें नाहीं. १८४९ च्या जानेवारींत डायरेक्टरांच्या बहुमतानें खालसा करण्यास मंजुरी दिली. विरोध करणाऱ्यांत हेन्री सेंट जॉर्ज टकर यांच्यासारखे जुने डायरेक्टर होते.

शिवछत्रपतींची गादी अशा रीतीनें कागदाच्या एका तुकड्यानें पुसली गेली. हें पहिलें मोठें उदाहरण. त्याच वाटेनें संबळपूर, झांशी आणि नागपूर हीं राज्यें गेलीं. रंगो बापूजींच्या दृष्टीनें याचा अर्थ फार कठोर होता. आजवर ते एका राजाची अब्रू मागत होते. राज्य निदान नकाशावर होतें. आतां ज्या राज्याचे ते वकील, तें राज्यच राहिलें नाहीं. लंडनांतील मित्र निष्ठावंत होते, पण लोकांचें कुतूहल ओसरलें होतें. साताऱ्याहून येणारा पैसा आटला. कर्ज वाढत चाललें. हिंवाळ्यांतील धुकें, परका देश, परकी भाषा, वाढतें वय आणि कोणत्याहि दरबारीं नोंद नसलेली वकिलात, अशा स्थितींत त्यांनीं आणखी चार वर्षें काढलीं.

१८५३ हें कंपनीची सनद पार्लमेंटापुढें पुन्हां येण्याचें वर्ष. त्या वर्षींच्या चर्चेनेंहि साताऱ्याला कांहीं दिलें नाहीं. शेवटीं कंपनीनें त्यांना अडीच हजार पौंड आणि परतीचा प्रवासखर्च दिला, व त्या वर्षाच्या अखेरीस रंगो बापूजींनीं लंडन सोडलें. या रकमेबद्दल कोणी त्यांस दूषण देईल. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा पैसा त्यांनीं पहिल्या वर्षीं घेतला असता तर ती लांच झाली असती. चौदा वर्षें लढून, धनी आणि राज्य दोन्ही गेल्यावर, कर्जांत बुडालेल्या माणसानें घरीं जाण्यासाठीं तो घेतला. आणि घरीं गेल्यावर ते कंपनीचे मिंधे झाले नाहींत, हें पुढील इतिहासच सांगतो.

त्याच १८५३ सालीं नानासाहेब पेशव्यांचे वकील अजीमुल्लाखान पेशव्यांचा तनखा मागण्यास लंडनकडे निघाले, आणि तेहि रिकाम्या हातांनीं परत आले. अर्ज, विनंत्या, पुरावे आणि भाषणें यांनीं न्याय मिळतो, अशी आशा घेऊन गेलेल्या दोन मराठी गाद्यांच्या वकिलांना जो अनुभव आला, त्याचें उत्तर हिंदुस्थानानें १८५७ सालीं दिलें.

साताऱ्यांतील उठावाच्या कटांत रंगो बापूजी अग्रभागीं होते. सातारा, कोल्हापूर, बेळगांव या बाजूस माणसें जमविण्याचें काम चालू होतें. परंतु उठाव होण्यापूर्वींच कट फुटला. १८५७ च्या जूनपासून धरपकड सुरू झाली. प्रतापसिंह महाराजांच्या राणीसाहेब व दत्तकपुत्र यांना साताऱ्याहून हलवून मुंबईजवळच्या बुचर बेटावर आणि तेथून कराचीस नेण्यांत आलें. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. पांचांना फांशी दिलें, सहांना तोफेच्या तोंडीं दिलें, सहांना गोळ्या घातल्या. त्या सतरांत रंगो बापूजींचे पुत्र सीताराम होते. ज्या बापानें एका राजाच्या सुनावणीसाठीं चौदा वर्षें वेंचलीं, त्याच्या मुलाचा निकाल लागण्यास चौदा आठवडेहि लागले नाहींत.

रंगो बापूजी मात्र सांपडले नाहींत. त्यांना पकडून देणारास बक्षीस जाहीर झालें. तरी ते निसटले आणि इंग्रजांच्या हातीं अखेरपर्यंत लागले नाहींत.

यशापयशाच्या तराजूंत घालून पाहिलें तर ही वकिलात अयशस्वी झाली, असेंच म्हणावें लागेल. गादी परत मिळाली नाहीं, सुनावणी झाली नाहीं, महाराज काशीहून परतले नाहींत. परंतु वकिलाच्या कामाचें मोल केवळ निकालावरून ठरत नाहीं. १८५८ च्या नोव्हेंबरांत राणीचा जाहीरनामा निघाला, आणि संस्थानिकांशीं झालेले तह पाळले जातील असें वचन त्यांत देण्यांत आलें. पुढें चार वर्षांच्या आंत संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्यांत आल्या. तह हा दोघांवर बंधनकारक असतो आणि दत्तकपुत्र हा खरा वारस असतो, हेंच साताऱ्याचा वकील लेडनहॉल रस्त्यावरील लोकांस सांगत होता. त्यानें सांगितलें तेव्हां तें कोणीं ऐकलें नाहीं. रक्ताची किंमत दिल्यावर तें मान्य झालें. पण साताऱ्याला त्याचा लाभ मिळाला नाहीं.

दुसरी गोष्ट कागदांची. रंगो बापूजींनीं व त्यांच्या मित्रांनीं ओरड केली नसती, तर साताऱ्याचें प्रकरण मुंबईच्या दप्तरांत मुकाट्यानें निजून राहिलें असतें. वादविवादामुळें कागद छापावे लागले, उत्तरें द्यावीं लागलीं, साक्षी उघड झाल्या. त्याच साहित्यावरून पुढील काळांत मेजर वामनदास बसूंनीं साताऱ्याची हकीकत लिहिली, आणि १९४८ सालीं प्रबोधनकार ठाकरे यांनीं प्रतापसिंह छत्रपति आणि रंगो बापूजी यांचें चरित्र मराठी वाचकांच्या हातीं ठेविलें. कंपनीच्या न्यायासनापुढें जी सुनावणी झाली नाहीं, ती अशा रीतीनें इतिहासाच्या न्यायासनापुढें झाली. तेथें प्रतापसिंह महाराज निर्दोष ठरले आहेत.

सत्तेच्या जोरावर बोलणारे वकील पुष्कळ झाले. त्यांची सत्ता गेल्यावर त्यांचे शब्दहि विरून गेले. रंगो बापूजींच्या हातीं एक खरी गोष्ट आणि एक रास्त मागणी यांवांचून दुसरें कांहीं नव्हतें. तेवढ्या शिदोरीवर त्यांनीं जगांतील त्या वेळच्या सर्वांत प्रबळ कंपनीला चौदा वर्षें उत्तर देण्यास भाग पाडलें. धनी राजवाड्यांत असतांना निष्ठा ठेवणें सोपें आहे. धनी कैदेंत गेल्यावर ती कठीण होते. आणि धनी व राज्य दोन्ही नाहींशीं झाल्यावर ती कोणी मागतहि नाहीं. रंगो बापूजींनीं कोणीं न मागतां ती अखेरपर्यंत दिली. मराठ्यांच्या वकिलातीच्या दीर्घ परंपरेंतील ते शेवटचे थोर पुरुष होत, आणि त्या परंपरेस शोभेल असाच त्यांनीं तिचा शेवट केला.